ओटीचे एप्रन : उरलेल्या कापडातून बागकामाचे एप्रन शिवतानाचा एक प्रकरण अभ्यास

बेळगावातील शहापूर भागात मी बायकांचा शिवणवर्ग घेते. गेल्या मे महिन्यात वर्गातल्या एका मुलीने स्वतः शिवलेले एप्रन फाटलेल्या अवस्थेत माझ्यापुढे आणून ठेवले. ती पिरनवाडीच्या पुढे, जांबोटी रस्त्यालगतच्या एका गावात राहते. घरामागे तिच्या सासूबाईंची परसबाग आहे आणि त्या बागेत घालण्यासाठी तिने घरातल्या उरलेल्या कापडातून हे एप्रन शिवले होते. शिलाई सरळ आणि मापे बरोबर होती, गळ्याची गोलाईही छान आली होती. तरीही आठव्या दिवशी खिसा एका कोपऱ्यातून उसवून खाली लोंबू लागला, आणि सासूबाईंनी ते एप्रन खुंटीला लावून पुन्हा पदर खोचून काम सुरू केले. मुलीला वाईट वाटले ते खिसा फाटल्याचे नव्हे, तर सासूबाई काहीच न बोलता जुन्या सवयीकडे वळल्या याचे. त्या न बोलण्यामागे काय होते ते शोधण्यात आमचे पुढचे दोन आठवडे गेले. एप्रन हे शिवणातले सर्वांत सोपे काम समजले जाते, पण या एका एप्रनाने मला पुष्कळ काही नव्याने पाहायला लावले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

आधी फाटलेला खिसा पाहू. खिसा नऊ इंच रुंद आणि सात इंच खोल होता आणि बरोबर पोटावर, मध्यभागी लावलेला होता. पूर्ण एप्रन पडद्याच्या उरलेल्या पॉलिएस्टर कापडाचे होते, ज्याला आपल्याकडे साटीनचा पडदा म्हणतात तसे गुळगुळीत. मी भिंग घेऊन तो कोपरा पाहिला. दोरा कुठेही तुटलेला नव्हता. कापडाचे धागेच टिपेच्या रेषेवरून सरकून बाहेर आले होते आणि टिपेची भोके एकमेकांत मिसळून त्यांची एक लांब चीर झाली होती. मुलीने मजबुती यावी म्हणून अगदी बारीक टीप घातली होती, इंचाला सोळा ते सतरा टाके पडले होते. सैल विणीच्या गुळगुळीत कापडावर इतकी बारीक टीप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळच होते आणि कापड फाडायला तीच वाट करून देते. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती हा समज वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक नव्या मुलीचा असतो, आणि माझ्या मते शिवणातल्या गैरसमजांपैकी हा सर्वांत महाग पडणारा आहे.

तरीही टीप हे कारण अर्धेच होते. मी मुलीला सांगितले की सासूबाई खिशात जे जे ठेवतात ते सगळे पिशवीत घालून आण, एकही वस्तू वगळू नकोस. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली आणि आम्ही एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. खुरपे ३१० ग्रॅम, फांद्या छाटायची कात्री २२० ग्रॅम, मोबाइल १९० ग्रॅम, सुतळीचा गुंडा ९० ग्रॅम आणि भेंडी, दोडका, मिरची यांच्या बियांच्या पुड्या मिळून ४० ग्रॅम. सगळे मिळून ८५० ग्रॅम झाले. ज्या खिशाला आपण हातरुमाल ठेवायची जागा समजून शिवले होते, त्यात रोज जवळजवळ एक किलो ओझे जात होते, आणि ते ओझे तोलून धरायला खिशाच्या दोन वरच्या कोपऱ्यांतले चार-पाच टाके सोडले तर काहीही नव्हते. खिशातून ते ओझे एप्रनाच्या छातीवर, छातीवरून गळ्यातल्या एक इंची पट्टीवर आणि पट्टीवरून थेट मानेवर येत होते. कमरेची नाडी नायलॉनच्या साडीवरून घसरत असल्यामुळे तिचा आधार नावापुरताच होता.

मुलीचे पहिले म्हणणे असे होते की खिसा दुहेरी शिलाईने पुन्हा लावावा. मी तिला थांबवले, कारण तसे केले असते तर पुढच्या वेळी खिशाऐवजी एप्रनच फाटले असते. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो.

बागेत काय दिसले

तिथली माती जांभ्याची, तांबडी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा हा पट्टा रताळ्यासाठी ओळखला जातो आणि काकूंच्या परसातही एका कडेला रताळ्याचे वेल होते. (मी मुलीच्या सासूबाईंना काकू म्हणते आणि त्या मला बाई म्हणतात, पुढे तसेच लिहिते.) बाकी वांगी, मिरची, भेंडी, अळूचे वाफे, मांडवावर दोडका, कुंपणाला जास्वंद आणि शेवग्याचे एक झाड. वाफे जमिनीलगत असल्यामुळे काकू सगळे काम उकिडवे बसून करतात, आणि इथेच पहिल्या एप्रनाची खरी चूक माझ्या डोळ्यांसमोर आली. मुलीने ज्या चित्रावरून बेत घेतला होता त्यातली बाई उभी राहून, टेबलाच्या उंचीवरच्या कुंड्यांत काम करत होती. आपल्याकडची बाई उकिडवी बसते. ती बसली की एप्रनाचा खालचा भाग दोन मांड्यांवर ताणला जातो, मधला खिसा पोट आणि मांड्या यांच्या बेचक्यात चेपतो आणि त्यातली कात्री पोटाला टोचते. काकू प्रत्येक वेळी बसण्यापूर्वी कात्री काढून वाफ्याच्या कडेला ठेवत आणि उठताना ती तिथेच विसरत.

एप्रन न घालता त्या कशा काम करतात तेही मी नीट पाहिले, आणि मला वाटते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत कामाचा अर्धा तास तोच होता. त्यांनी पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेतला, कमरेभोवती गुंडाळून उजव्या बाजूला खोचला आणि त्याच्या पुढच्या घोळाची ओटी केली. तोडलेली भेंडी, उपटलेली मेथी, सुतळीचे तुकडे, सगळे त्या ओटीत जात होते. बसल्यावर ओटी आपोआप दोन मांड्यांच्या मध्ये किंवा बाजूला सरकत होती, टोचत नव्हती. त्या ओटीला खाली शिवणच नव्हती. ओझे कापडाच्या घडीत बसत होते, आणि घडीतले कापड सलग असल्यामुळे उसवण्याचा प्रश्नच येत नव्हता. ओझे शेवटी खांद्यावरून आणि कमरेवरून अंगावर येत होते, मानेवर नाही.

मी काकूंना विचारले, "एप्रन का नको वाटलं?" त्या म्हणाल्या, "नको कुठं म्हणाले बाई? पोरीनं एवढं मन लावून शिवलं. पण त्यात मला बसता येईना." पुढचा बेत आम्ही या एका वाक्यावर उभा केला.

कापडाचा ढीग आणि त्याची निवड

घरात उरलेले कापड एका गाठोड्यात बांधलेले होते. ते आम्ही पडवीत पसरले आणि प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहिला. शाळेच्या गणवेशाच्या पँटी बेतल्यावर राहिलेल्या खाकी सुती ड्रिलच्या दोन लांब पट्ट्या होत्या, एक १५ इंच रुंद व ४४ इंच लांब, दुसरी १४ इंच रुंद व ४६ इंच लांब. मुलाची एक जुनी जीन्स होती, जी गुडघ्यांवर विरली होती पण कमरेला आणि मागे ठणठणीत होती. अर्धा मीटर मांजरपाट होते, पडद्याचे आणखी पॉलिएस्टर होते, ब्लाउजपीसांच्या चिंध्या होत्या आणि काकूंच्या सासूबाईंचे एक इरकल लुगडे होते, ज्याचे अंग जागोजाग जिरले होते पण काठ अजून शाबूत होते.

पॉलिएस्टर आम्ही बाजूला ठेवले. ते चटकन वाळते हा त्याचा गुण खरा, पण ते स्वतःच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी ओलावा धरते, तर सुती कापड साधारण सात-आठ टक्के धरते. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात अंगाचा घाम टिपायला पॉलिएस्टर निरुपयोगी, आणि बसल्यावर मांडीवरून घसरते ते वेगळेच. ड्रिलची वीण तिरकस रेघांची आणि घट्ट असते, त्यामुळे ती काट्याने सहज ओरबाडली जात नाही आणि भेंडीची लवही तिच्यातून लागत नाही. एप्रनाच्या मुख्य भागासाठी तीच घ्यायची हे ठरायला वेळ लागला नाही. अडचण एवढीच होती की दोन्ही पट्ट्या अरुंद होत्या आणि अखंड एप्रन त्यातून निघत नव्हते.

मुलीला हे संकट वाटले, मला मात्र ती सोय वाटली. उकिडवे बसण्यासाठी एप्रनाला खालून मध्यभागी चीर हवीच होती. दोन पट्ट्या मध्यभागी जोडायच्या आणि खालचा भाग जोडायचाच नाही, की चीर आपोआप तयार! अखंड कापड असते तर ते कापून त्याच्या कडा दुमडाव्या लागल्या असत्या. उरलेल्या कापडातून काही शिवताना बेत आधी ठरवून कापड त्यात कोंबण्यापेक्षा, हातातल्या तुकड्याला काय जमते ते आधी विचारावे असे मी नेहमी सांगते, आणि इथे त्याचा इतका सरळ दाखला मिळाला की मलाच आनंद झाला.

इथे जोडकामाबद्दल थोडे लिहायला हवे. आपल्याकडे चिंध्यांची वाकळ शिवण्याची परंपरा आहे, कानडी घरांत तिलाच कौदी म्हणतात, आणि शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी तर आता दूरवर ओळखल्या जातात. वाकळीत उभा, आडवा, उरेब असा कसलाही तुकडा चालतो, कारण ती अंगावर आडवी पसरते आणि तिच्यावरचा ताण शेकडो धावदोऱ्यांत वाटला जातो. एप्रन मात्र लोंबते. त्याच्यावरचा सगळा ताण वरून खाली असतो, म्हणून त्याचा प्रत्येक तुकडा उभ्या धाग्यातच लावावा लागतो. पहिल्या एप्रनाच्या नाड्या मुलीने कापड पुरावे म्हणून तिरक्या, उरेब कापल्या होत्या. आठ दिवसांत त्या दोन-अडीच इंच वाढल्या आणि खिसा तेवढाच आणखी खाली आला.

खांद्यांवरून बांधायच्या पट्ट्यांसाठी म्हणूनच मी इरकलच्या काठाकडे बोट दाखवले. काठ लुगड्याच्या लांबीत, उभ्या धाग्यात विणलेला असतो, त्याची ताण्याची वीण दाट असते आणि एक कड किनारीची असल्यामुळे तिला दुमडही लागत नाही. पाच मीटरहून लांब काठ सलग मिळतो, जोड द्यावा लागत नाही. मी बोट दाखवले खरे, पण कापायचे की नाही ते काकूंनी ठरवायचे होते. त्यांनी लुगडे मांडीवर घेतले, लाल काठावरून हात फिरवला, पदराचा भाग घडी घालून वेगळा ठेवला आणि बाकीचे मुलीच्या हातात दिले.

बेत

ड्रिल आणि मांजरपाट आम्ही आधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून आटवून घेतले. ४४ इंचांची पट्टी पावणेत्रेचाळीस इंचांवर आली. हे पाऊल गाळले असते तर जुनी, अनेकदा धुतलेली जीन्स तशीच राहून नवी ड्रिल पहिल्या धुण्यात आटली असती आणि दोन्हींच्या जोडावर चुण्या पडल्या असत्या. उरलेले कापड कुठले जुने आणि कुठले कोरे हे पाहणे म्हणूनच फार महत्त्वाचे असते.

दोन्ही पट्ट्या इस्त्री करून प्रत्येकी साडेतेरा इंच रुंद आणि ४२ इंच लांब अशा सारख्या केल्या. बाहेरच्या कडेला दुमडीसाठी पाऊण इंच आणि मधल्या कडेला जोडासाठी पाऊण इंच सोडल्यावर प्रत्येक पट्टी १२ इंच राहते, म्हणजे तयार रुंदी २४ इंच. लांबीत वर दीड इंच दुमड, खालच्या टोकाला एक इंच दुमड, आणि मग खालचा आठ इंच भाग पुढच्या बाजूला वर दुमडून त्याचीच ओटी. अशा रीतीने तयार लांबी साडेएकतीस इंच येते, काकूंच्या छातीपासून गुडघ्याच्या किंचित वरपर्यंत. मध्यभागीचा जोड वरून साडेएकोणीस इंचांपर्यंत, आणि त्याखाली बारा इंचांची चीर. चीर ओटीच्या तोंडापेक्षा चार इंच वर गेली पाहिजे, नाहीतर बसताना दोन्ही ओट्या एकमेकींना ओढतात. वर छातीपाशी रुंदी दहा इंच ठेवली आणि दोन्ही बाजूंनी सात-सात इंच गोलाईत कापून काढले.

ओटी दुमडताना एक गोष्ट ध्यानात आली, जी कागदावर आखताना माझ्याही लक्षात आली नव्हती. कापड पुढे दुमडले की ओटीच्या बाहेरच्या बाजूला कापडाची उलटी बाजू येते आणि कडेची दुमडही बाहेर दिसू लागते. ड्रिलच्या दोन्ही बाजूंत फार फरक नसल्याने रंगाचा प्रश्न आला नाही. ओटीच्या तोंडाची दुमड मात्र आम्ही सुलट बाजूला घातली, म्हणजे ती आत जाते आणि हात घालताना अडकत नाही. कडेची दुमड बाहेर राहू दिली, कारण त्या जागी चार-पाच पदर एकत्र येऊन कडा ताठ होते, आणि ती हवीच होती.

खुरप्याचे टोक घडीवर घासून कापड विरू नये म्हणून उजव्या ओटीच्या तळाला, दुमडण्यापूर्वी, जीन्सचे पाच इंच बाय चार इंच ठिगळ आतून लावले. ओटीच्या दोन्ही कडा शिवताना अगदी तळाशी अर्धा-अर्धा इंच न शिवता मोकळा सोडला. माती, खडे आणि पावसाचे पाणी त्या फटीतून गळून जाते. ही सूचना मुलीची होती. तिने पहिल्या एप्रनाचा खिसा उलटा करताना कोपऱ्यात दगडासारखी घट्ट बसलेली तांबडी माती पाहिली होती.

आता ओझ्याचा मार्ग. ओट्या घडीच्या जोरावर ओझे धरतील, पण ते पुढे कुठे न्यायचे? जीन्सचा कमरपट्टा आम्ही शिवणीसकट अखंड कापून घेतला, बटण आणि रिबिटे काढली आणि २४ इंचांचा तुकडा एप्रनाच्या आतल्या बाजूने कमरेच्या रेषेवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा शिवला. घराला जशी तुळई तसा हा पट्टा. जीन्सचे जुने बेल्टचे लूप उसवून दोन्ही टोकांना दोन-दोन लावले. काठाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ६२ इंच, छातीच्या दोन कोपऱ्यांतून निघून खांद्यांवरून मागे जातात, पाठीवर एकमेकींना ओलांडतात, विरुद्ध बाजूच्या लूपमधून ओवून डाव्या कुशीवर बांधल्या जातात. गाठ पुढे निऱ्यांवर किंवा मागे पाठीवर नाही, कुशीवर, कारण काकूंना हात मागे नेऊन गाठ मारता येत नाही आणि पुढची गाठ निऱ्या विसकटते. पट्टी पदरावरून जाते, त्यामुळे पदरही जागेवर राहतो. काठ एकेरी ठेवला असता तर खांद्यावर गुंडाळी होऊन रुतला असता, म्हणून खालून मांजरपाटाचे अस्तर दिले.

कात्रीला ओटीत जागा दिलीच नाही. जीन्सच्या दुहेरी कापडाचे साडेतीन इंच रुंद व सात इंच लांब असे म्यान उजव्या कुशीला, त्याच कमरपट्ट्यात वरचे टोक अडकवून शिवले. म्यानाचे खालचे टोक एप्रनाला शिवले नाही, ते मोकळे लोंबते. बसल्यावर ते मांडीच्या बाहेर जाते. मोबाइलसाठी छातीवर सहा इंच बाय सात इंचांचा साधा खिसा, आणि त्यात मोबाइल व बियांच्या पुड्या सोडून काही ठेवायचे नाही असा आमच्या तिघींचा करार.

शिवताना

मशीन पायाची, जुनी. ड्रिलसाठी १६ नंबरची सुई आणि जिथे जीन्स येते तिथे १८ नंबरची. दोरा आम्ही सुती न घेता पॉलिएस्टरचा घेतला, कारण ओल्या मातीत सुती दोरा कुजतो आणि कापड चांगले असूनही शिवण जाते. टीप ड्रिलवर इंचाला दहा आणि जीन्सवर आठ. विकत आणले ते एक दोऱ्याचे रीळ आणि दोन सुया, बाकी सगळे गाठोड्यातले.

मधला जोड आम्ही चपट्या शिवणीचा केला, म्हणजे एक कड दुसऱ्या कडेत गुंडाळून दोन टिपा. दोन्ही बाजूंनी धागा सुटत नाही आणि अंगाला टोचत नाही. मात्र हा जोड जिथे कमरपट्ट्याला भेटतो तिथे जीन्सचे चार आणि ड्रिलचे चार असे आठ पदर एकावर एक आले. मुलीने नेहमीच्या वेगाने पाय मारला आणि सुई कटकन मोडली. मी तिला खलबत्त्यातला बत्ता आणायला सांगितले. पाटावर जाड फडके अंथरून तो उंचवटा आम्ही बत्त्याने ठोकून सपाट केला, नवी सुई घातली, मशीनच्या दाबपायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवली, म्हणजे पाय चढावर तिरका होत नाही, आणि पायडलवरून पाय काढून उजव्या हाताने चाक फिरवत एकेक टाका घातला. अकरा टाक्यांत तो उंचवटा ओलांडला. त्या अकरा टाक्यांत मुलीने श्वास रोखून धरला होता, आणि पलीकडे सुई सपाट कापडावर उतरली तेव्हा तिचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही.

चिरेच्या वरच्या टोकाला आणि ओटीच्या तोंडाच्या चारही कोपऱ्यांना आडव्या भरगच्च टाक्यांची गाठ घेतली, पण त्याखाली प्रत्येक ठिकाणी मांजरपाटाचा बोटभर तुकडा ठेवून. ताण एका बिंदूवर न येता त्या तुकड्यावर पसरतो. छातीच्या गोल कडांना मांजरपाटाची उरेब पट्टी लावली. उरेब कापड वाढते हा नाडीत दोष होता, गोलाईत तोच गुण ठरतो, कारण तिथे पट्टीला वळायचे असते. सगळे काम दोन दुपारींत झाले.

चार महिन्यांचा वापर

जूनमध्ये मृगाचा पाऊस सुरू झाला त्याच आठवड्यात काकूंनी एप्रन घालायला घेतले आणि सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज वापरले. मी महिन्यातून एकदा जाऊन ते उलटसुलट करून पाहत असे. ओट्यांची घडी कुठेही विरली नाही, ठिगळ मात्र खुरप्याने खरवडले गेले, म्हणजे ते नसते तर ड्रिल गेली असती. तळाच्या फटीतून माती गळत राहिली. मानेचे दुखणे थांबले, असे काकूंनी स्वतःहून सांगितले. भाजी तोडताना डावी ओटी आणि अवजारांना उजवी अशी वाटणी त्यांनी आपली आपणच करून घेतली. जुलैत चिरेच्या टोकाची गाठ एका बाजूने सैल झाली होती. पाहिले तर तिथे मांजरपाटाचा तुकडा टिपेत नीट धरला गेला नव्हता. तो पुन्हा बसवला.

एक दोष माझ्या अंदाजाबाहेरचा निघाला. काठाचे रेशीम गुळगुळीत असल्याने कुशीवरची गाठ तासाभरात ढिली पडू लागली. पट्ट्यांची शेवटची पंधरा इंच टोके आम्ही मांजरपाटाच्या खोळीत घालून शिवली, तेव्हापासून गाठ टिकते. खांद्यावर काठ आणि गाठीला मांजरपाट, हे मला आधीच सुचायला हवे होते.

दुसरा दोष अजून तसाच आहे. ड्रिल पावसात भिजली की आपल्याकडच्या दमट हवेत दीड-दोन दिवस वाळत नाही, आणि ओट्यांच्या तळाशी, जिथे पदर जास्त आहेत, तिथे ओल सर्वांत शेवटी जाते. ऑगस्टमध्ये त्या घडीला बुरशीचा काळा ठिपका आला. आता काकू एप्रन धुतल्यावर उलटे करून, ओट्यांची तोंडे खाली येतील असे चुलीजवळच्या दोरीवर टाकतात, त्याने फरक पडतो. पण खरा उपाय आलटून पालटून वापरायला दुसरे एप्रन हाच आहे, आणि ड्रिल संपली आहे. गाठोड्यात जीन्सचे दोन पाय उरले आहेत. ते उभे उसवून पसरले तर खालच्या तोंडाशी पंधरा इंच आणि मांडीपाशी बावीस इंच भरतात, गुडघ्यांचा विरलेला भाग कमरेच्या वर, छातीच्या गोलाईत कापला जाईल असा उलटा बेत घेता येतो का, हे मुलगी सध्या वर्तमानपत्राच्या कागदावर आखून पाहत आहे. तसे केले तर रुंद भाग खाली, ओटीला येतो, आणि जीन्सच्या बाहेरच्या बाजूची जाड शिवण बरोबर ओटीच्या मधोमध उभी जाते. त्या शिवणीवर घडी पडली की ती वाळायला ड्रिलपेक्षाही वेळ लागेल, असे माझे मत आहे. मुलीचे मत आहे की ती शिवण उसवून त्या जागी ओटीचे दोन कप्पे करता येतील. कागदी बेत तयार झाला की काकू तो अंगाला लावून उकिडव्या बसणार आहेत, आणि मगच आम्ही कातर लावू.